मुदत द्या, पण लिहून द्या

बीडमध्ये जनाजाची नमाज सुरू होण्याआधी घरातला एखादा मोठा माणूस रांगेसमोर येतो आणि दोनच वाक्यं बोलतो. मरहूमकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर वारसांना भेटावं, नाहीतर अल्लाहसाठी माफ करावं. मशिदीबाहेर थांबलेले मोंढ्यातले व्यापारी, शेजारी, जुने मित्रही हे ऐकत असतात. त्यात हिंदू असतात, मुस्लिम असतात. या रिवाजामागे जुनी परंपरा आहे. जनाजा समोर आला की पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आधी विचारत, याच्यावर कुणाचं कर्ज आहे का? देणं डोक्यावर घेऊन माणूस मातीआड जाऊ नये, ही त्यामागची काळजी.

रमजानमध्ये हाच प्रश्न जिवंत माणसाने स्वतःला विचारायचा असतो. रोजे, तरावीह, कुरआनचं पठण यांच्या सोबतीने हा महिना हिशेबाचाही आहे. ज्याच्याकडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे साधारण ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहते, त्याला तिचा अडीच टक्के हिस्सा जकात म्हणून द्यावा लागतो. बहुतेक घरं हा हिशेब रमजानमध्येच करतात. सोनं मोजलं जातं, बँकेचं पासबुक उघडलं जातं, कुणाकडून किती येणं आहे ते आठवलं जातं.

या आठवणीत एक आकडा हमखास अडखळतो. तो म्हणजे थकलेला किराया.

मोमीनपुरा असो, बशीरगंज असो, धोंडीपुरा, माळीवेस की शाहूनगर, बीडमध्ये भाड्याने खोली देणारा घरमालक दर वेळी मोठा धनको नसतो. अनेक घरांत वरची एक खोली किंवा मागचे दोन गाळे हाच म्हातारपणाचा आधार असतो. भाडेकरूही सगळे सारखे नसतात. कुणी शिवणकाम करतो, कुणी गॅरेज चालवतो, कुणी मोंढ्यात हमाली करतो, कुणी पाटोदा, आष्टी, शिरूर भागातून शिकायला आलेला मुलगा असतो. दोघांचीही कमाई थोडी, दोघांचीही गरज खरी. म्हणून थकलेल्या किरायाचं भांडण लहान रकमेचं असलं तरी मनाला फार लागतं.

बीडच्या कमाईची एक खास अडचणही आहे. किराया महिन्याला द्यावा लागतो, पण या जिल्ह्यातला पैसा महिन्याला येत नाही. तो हंगामाला येतो. सोयाबीन निघालं की थोडा, कापूस विकला की थोडा. ऊसतोड मजुरांना मुकादमाची उचल दसरा-दिवाळीच्या आसपास मिळते, मग टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावातला पैसा असा थांबून थांबून येतो, म्हणून शहरातल्या दुकानदाराची उधारीही तशीच वसूल होते. शिंप्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत त्याची शिलाई मशीन सहरीपर्यंत थांबत नाही, आणि पावसाळ्यात त्याच मशीनवर धूळ बसते. अशा माणसाचा जुलै-ऑगस्टचा किराया थकला, तर लगेच त्याला बेइमान म्हणता येत नाही.

पण घरमालकिणीच्या बाजूनेही पाहायला हवं. एक उदाहरण घेऊ. नवरा गेलेली एक बाई आहे, वरच्या खोलीचा महिना २,००० रुपये किराया हीच तिची नक्की कमाई. खोलीत बाहेरगावचा विद्यार्थी राहतो. चार महिने झाले, ८,००० रुपये थकले. ती विचारते, “बेटा, कुछ इंतजाम झाला का?” तो मान खाली घालून म्हणतो, “खाला, स्वाधारचा हप्ता आला की आधी तुमचेच देतो.” तिला मुलगा खोटा वाटत नाही. पण वीजबिल थांबत नाही, औषधाचं दुकान थांबत नाही. आणि इफ्तारच्या वेळी त्याच मुलाला खजूर आणि भज्यांची ताटली वर पाठवताना पैसे मागायला जीभ रेटत नाही.

स्वाधार म्हणजे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना बाहेर राहून शिकता यावं म्हणून राज्याने २०१६-१७ मध्ये ती सुरू केली. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये ठरले. त्यात भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि इतर खर्चासाठी ६,०००. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी पुढे याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. अनेक मुस्लिम बिरादऱ्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत, तेव्हा त्यांच्या मुलांनाही हा रस्ता माहीत असायला हवा.

निवासाचे १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये. वरच्या उदाहरणातली खोली २,००० ची. म्हणजे सरकारचा पैसा वेळेवर आला तरी अर्धाच किराया निघतो. शिवाय ही रक्कम हप्त्याहप्त्याने थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते आणि हप्ता लांबल्याच्या तक्रारी वारंवार होतात. हप्ता रखडतो सरकारी फाईलमध्ये, आणि त्याचा ताण पडतो खालाच्या स्वयंपाकघरावर. या व्यवहारात तिची कुठेही सही नसते, पण उधारी तीच देत असते.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये गरीब भाडेकरूंना घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते. २०१३ पासून तिथे युनिव्हर्सल क्रेडिट नावाची एकत्र योजना आली. पहिली रक्कम हातात पडायला साधारण पाच आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात किराया थकतो. मात्र दोन महिन्यांचा किराया थकला तर मदतीतला भाड्याचा भाग थेट आपल्याला मिळावा, असा अर्ज तिथे घरमालकाला करता येतो. म्हणजे तिसऱ्याकडून येणारा पैसा उशिरा आला तर त्याची झळ घरमालकाला बसते, हे तिथल्या यंत्रणेने निदान ओळखलेलं आहे.

आता धर्म काय सांगतो ते पाहू. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकरामध्ये, २८०वी आयत देणेकऱ्याबद्दल आहे. तिचा आशय सरळ आहे. देणेकरी अडचणीत असेल तर त्याची स्थिती सुधारेपर्यंत त्याला मुदत द्या, आणि माफच करून टाकलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. इथे मुदत देणं हा हुकूम आहे, माफी ही त्याच्या वरची पायरी. घरमालकाला आपला हक्क सोडायला सांगितलेलं नाही. अडलेल्याची मानगूट धरू नका, एवढं सांगितलं आहे.

भाडेकरूला मात्र या आयतीची ढाल करता येणार नाही. ऐपत असूनही देणं लांबवणं हा जुलूम आहे, असं पैगंबरांचं सांगणं हदीसच्या ग्रंथांत आहे. नवा मोबाईल घेतला, ईदच्या कपड्यांवर हजारो उडवले आणि घरमालकिणीला म्हटलं “अगले महिने देखते हैं”, तर तो अडचणीतला देणेकरी नाही. मुदत अडलेल्यासाठी आहे, आळशासाठी किंवा चलाखासाठी नाही.

मग अडलेला कोण आणि चलाख कोण, हे ठरवायचं कसं? इथे कुरआन दोनच आयती पुढे जातो. २८२वी आयत ही संपूर्ण कुरआनातली सर्वांत लांब आयत. एवढी लांब आयत आहे कशाबद्दल? मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दल. देणं ठराविक मुदतीचं असेल तर लिहून ठेवा, लिहिणारा न्यायाने लिहो, ज्याच्यावर देणं आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार असावेत, आणि रक्कम लहान आहे म्हणून लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. मुदत देण्याची आयत आणि लिहून ठेवण्याची आयत अशा जवळजवळ आहेत. बहुतेक घरांत पहिली पाळली जाते आणि दुसरी विसरली जाते. भांडण तिथूनच सुरू होतं.

“घरातल्यासारखं पोरगं आहे, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं?” असं खाला म्हणते. मुलालाही पावती मागणं अपमानाचं वाटतं. सहा महिन्यांनी एक म्हणतो चार महिने थकले, दुसरा म्हणतो तीनच. दिवाळीला रोख दिलेले १,००० रुपये कुणाला आठवतात, कुणाला नाही. दोघंही खरं बोलत असतात, पण कागद नसतो.

कायदाही याच दोन गोष्टी मागतो. बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळे घरभाड्याबाबत इथे मुंबईचा नाही, हैदराबादचा १९५४ चा कायदा लागू होता, आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतरही तो चालू राहिला. तो रद्द झाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आल्यावर. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे.

या कायद्याचं पंधरावं कलम मुदतीचं आहे. भाडेकरू किराया देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तोवर केवळ थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. थकलेल्या किरायासाठी दावा लावायचा तर घरमालकाने आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्यावर ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, आणि निकालापर्यंत पुढचा किराया नियमित भरला, तर थकबाकीवरून बेदखलीचा हुकूम होत नाही. घर स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी हवं असेल, तर तो वेगळा मुद्दा आहे. त्याची आणि इतर कारणांची तरतूद सोळाव्या कलमात आहे.

वरच्या उदाहरणात हिशेब लावला तर ८,००० रुपयांवर वर्षाचं व्याज होतं १,२००. ज्या घरात सूद घेणं हराम मानलं जातं, त्या घरमालकिणीला हे पैसे नकोच असतात. मुलालाही कोर्टाचा खर्च पेलणारा नसतो. म्हणजे दोघांच्याही भल्याचं एकच, कोर्टाच्या पायरीआधी समेट.

सव्विसावं कलम पावतीचं आहे. मिळालेल्या किरायाची लेखी पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे, आणि न दिल्यास दंडाची तरतूद आहे. एकोणतिसाव्या कलमानुसार भाडेकरूचं पाणी, वीज यांसारखी आवश्यक सोय सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. किराया थकला म्हणून नळाचा कॉक बंद करणं किंवा मीटरची वायर काढणं, हा वसुलीचा कायदेशीर मार्ग नाही. रमजानच्या उन्हात रोजेदाराच्या घरचं पाणी तोडणं तर कुठल्याच हिशेबात बसणारं नाही.

सर्वांत महत्त्वाचं पंचावन्नावं कलम. भाड्याचा करार लेखी असला पाहिजे आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नसेल, आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं सिद्ध करावं लागतं. नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरीचा शिक्का पुरतो, हा समज शहरात घट्ट बसलेला आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. करार अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा असला तरी नोंदणी लागतेच. म्हणजे नात्याखातर कागद टाळणारी खाला कायद्यात सर्वांत आधी अडचणीत येते.

तोंडी बोलण्यात काय पुसलं जातं, हे २०२० च्या रमजानने दाखवलं. टाळेबंदी होती, मशिदी बंद होत्या, तरावीह घराघरांत झाली. त्या वर्षी भारतात पहिला रोजा २५ एप्रिलला होता. त्याच्या आठच दिवस आधी, १७ एप्रिलला, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलं होतं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकबाकीसाठी कुणाला घराबाहेर काढू नये. त्या सूचनेत वसुली पुढे ढकलायला सांगितलं होतं, किराया माफ झाला असं म्हटलेलं नव्हतं. पण लांबवणं आणि माफ करणं यांतली रेघ तोंडी बोलण्यात फार पातळ असते. “राहू द्या सध्या” या तीन शब्दांचा घरमालकाने लावलेला अर्थ एक, भाडेकरूने लावलेला दुसरा.

जकातीच्या हिशेबातही हीच रेघ महत्त्वाची ठरते. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही, त्यातून आलेला आणि वर्षभर शिल्लक राहिलेला पैसा मात्र हिशेबात येतो. मग काही घरमालक विचारतात, भाडेकरूचे ८,००० माफ केले, तेच जकातीत धरले तर? बहुतेक फकीहांचं उत्तर नकारार्थी आहे. जकात गरजूच्या हातात पडावी लागते, तिचा मालक तो व्हावा लागतो. वसूल न होणारी रक्कम वहीत जकात म्हणून मांडली तर आपलंच बुडीत देणं आपण धर्माच्या खात्यावर टाकल्यासारखं होतं. उलट रस्ता मोकळा आहे. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यात देण्याखाली दबलेला माणूसही आहे. असा मुस्लिम भाडेकरू खरोखर गरजू असेल तर त्याला जकात देता येते. पुढे त्याने त्या पैशातून किराया फेडला तर तो त्याचा व्यवहार.

आणि भाडेकरू मुस्लिम नसेल तर? जकात साधारणपणे मुस्लिम गरजूंसाठी मानली जाते, पण सदका कुणालाही देता येतो. बकरा सूरहमधल्या त्या आयतीत माफीसाठी आलेला शब्द सदक्याच्याच मुळातला आहे. मुदत देण्याच्या हुकमाला धर्माची अट नाही. स्वाधारच्या हप्त्याची वाट पाहणारा मुलगा आणि शिलाई मशीनवर झोपलेला शिंपी, दोघंही त्या आयतीत सारखेच बसतात.

समेटाला फार मोठं काही लागत नाही. वहीचं अर्धं पान पुरतं. त्यावर लिहायचं की अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचा किराया थकला, एकूण ८,००० रुपये. चालू किराया दर महिन्याला द्यायचा, आणि थकबाकीचे २,००० प्रमाणे चार हप्ते, अमुक तारखांना. काही रक्कम माफ केली असेल तर तीही आकड्यात लिहायची. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि दोघांकडे एकेक प्रत. यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्यात महिन्याचं नाव टाकायचं, कारण बँकेच्या नोंदीत रक्कम दिसते, कुठल्या महिन्याची ते दिसत नाही. विद्यार्थ्याने योजनेच्या अर्जाची पोच घरमालकिणीला दाखवली, तर “हप्ता येणार आहे” या बोलण्यालाही वजन येतं. नवा करार असेल तर तो नोंदवून घ्यायचा.

एवढ्यावर मिटलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे उदाहरणातली खाला आणि तो विद्यार्थी, दोघंही पात्र आहेत. प्रकरण लोकअदालतीत मिटलं तर त्या निवाड्याला दिवाणी हुकुमाची किंमत असते, त्यावर अपील नसतं आणि आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते. मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसांनी मध्यस्थी केली तरी शेवटी कागद करायला विसरू नये.

मराठवाड्यात हिशेबाचा जुना दिवस पाडव्याचा. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं आणि नवं ठरतं. ऊसतोडीच्या टोळ्याही हंगाम उरकून याच सुमारास गावाकडे परततात. गेल्या काही वर्षांत चंद्राच्या फेऱ्याने रमजान ईदला पाडव्याच्या शेजारी आणून ठेवलं. २०२४ मध्ये ९ एप्रिलला पाडवा आणि ११ ला ईद, २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि दुसऱ्याच दिवशी ईद. एका घरात गुढी उतरत होती आणि शेजारच्या घरात शीरखुर्म्यासाठी शेवया भाजल्या जात होत्या.

चंद्र पुढे सरकेल, सण पुन्हा लांब जातील. थकलेला किराया मात्र आपोआप सरकत नाही. ईदच्या सकाळी गळाभेटीला वर जाण्याआधी, किंवा शीरखुर्मा घ्यायला खाली येण्याआधी, तो अर्धा कागद झालेला असला तर बरं. मग खालाला पैसे मागताना जीभ रेटावी लागणार नाही, आणि मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.